पुलापर्यंतचा निरोप

गावातल्या ऊन झऱ्याच्या स्नानगृहातून फुमिनो बाहेर आली आणि पाहते तर तिच्या खडावा गायब! त्यांच्या जागी भल्यामोठ्या पुरुषी खडावा. त्यांच्यावरही तिच्याच घरच्या अतिथिगृहाचं नाव डागलेलं. म्हणजे चोर घरचाच पाहुणा. वसंत लागला तरी बर्फ भुरभुरत होतं. त्या होड्या पायात अडकवून ती निघाली, तर समोरून एक उंच तरुण तिच्या खडावांतून टाचा बाहेर लोंबकळवत, बदकासारखा डुलत येत होता.

"माफ करा... ऊन पाण्यानं डोकं जरा वितळलं होतं."

"डोक्याचं राहू द्या. पायांनाही कळलं नाही?"

"कळलं की! पण म्हटलं, परत करायला गेलो तर कुणीतरी भेटेल."

फुमिनो रागवायला गेली आणि हसली. तिथंच फसली.

सेइगो त्याचं नाव. दूरच्या खोऱ्यात त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तांदळाची दारू बनायची. हिवाळ्यातला हंगाम आटोपला की तो दरवर्षी येऊ लागला. झऱ्यात उकडलेली अंडी खायची, ओढ्याकाठच्या ऊन पाण्यात पाय सोडून बसायचं, एकमेकांची टिंगल करायची... दिवस कसे सरायचे कळायचं नाही.

निघताना मात्र गावची रीत. पाहुणा पुलावर पोचून मागे वळतो, वाकून नमस्कार करतो. तोवर दारातल्या यजमानानं हात खाली घ्यायचा नाही. सेइगो मुद्दाम रेंगाळायचा. "तुझा हात दुखावा म्हणून," असं वर सांगायचा.

दोघांनाही एक गोष्ट ठाऊक होती, आणि दोघंही ती टाळत होते. ज्या घराला मुलगा नाही तिथं जावई येऊन राहतो, सासरचं आडनाव लावतो, घर पुढे चालवतो. इथं घरजावयाला कुणी नाकं मुरडत नाही. फुमिनोला भाऊ नव्हता. पण सेइगोलाही नव्हता.

यंदा ओढ्याकाठी त्यानं एकदाही तिची टिंगल केली नाही. शेवटी तिनंच विषय काढला.

"एकदा विचार तरी... तुझ्या घरी येईन का म्हणून."

"विचारलं तर येशील?"

वर अतिथिगृहाच्या खिडकीत तिची आई एकटीच गाद्या झटकत होती. वडील गेल्यापासून सगळं तिच्याच अंगावर पडलं होतं. फुमिनोनं मान हलवली. नाही.

"आणि तू? राहशील इथं?"

"बाबांना आता भट्टीचा जिनासुद्धा चढवत नाही गं."

तिनं ऊन पाण्यातून पाय बाहेर काढले.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "एवढं तरी बोलू दे."

"माझंही आहे. म्हणून सांगते... पुढच्या वर्षी येऊ नकोस. तू आलास तर मला दुसरं कुणी कधी दिसायचंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. आईशेजारी दारात उभी राहून फुमिनोनं हात वर केला. सेइगो पुलावर पोचला, थांबला. त्याचे खांदे हलल्यासारखे वाटले. मग न वळताच तो पूल उतरला आणि देवदारांच्या आड गेला.

फुमिनोचा हात तसाच वर.

"गेला गं तो. चल आत," आई म्हणाली.

"पाहुणे अजून वळले नाहीत, आई... हात कसा खाली घेऊ?"

आईनं लेकीचा गारठलेला हात हलकेच धरला, स्वतःच खाली घेतला, आणि आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ठेवला.