राजाच्या गालावरचे ओरखडे

राजाच्या गालावर ओरखडे होते. केसाहून बारीक, भिंगाखालीच दिसतील असे, आणि सगळे एकाच बाजूला किंचित वळलेले. नाणं गल्ल्यात, खिशात, पेटीत पडून जे ओरखडे येतात ते वाटेल तसे येतात. हे मात्र ओळीने आले होते. तिने दिव्याची मान थोडी वाकवली, नाणं कडेने दोन बोटांत धरून फिरवलं आणि भिंगावरचा डोळा न काढताच विचारलं,

"कशाने घासलंत?"

समोरच्या खुर्चीतला माणूस घुटमळला. "दिसतं का?"

"दिसतं."

"टूथपेस्टने. जुन्या ब्रशने. नवा ब्रश स्वतःला ठेवला."

"डाव्या हाताने."

त्याने आपल्या डाव्या हाताकडे असं पाहिलं, जणू त्यानेच चुगली केली असावी.

खरं तर तो तिच्याकडे यायचाच नव्हता. तिच्याकडे एरवी तांब्याची नाणी यायची. चांदी पाहणारे गृहस्थ दाढ सुजली म्हणून रजेवर होते, तेवढ्यापुरतं त्यांचं काम तिच्या टेबलावर आलं होतं. नाणं अस्सल की नक्कल हे आधी ठरवायचं, मग त्याची झीज पाहून दर्जा लावायचा, हे तिचं काम. टूथपेस्टने घासलेल्या नाण्याला वरचा दर्जा मिळत नाही, हे तिने त्याला सरळ सांगितलं.

"म्हणजे मी लावायला गेलो पावडर आणि घालवला रंग," तो म्हणाला.

"चांदीवरचा काळेपणा हे तिचं वय असतं. ते पुसायचं नसतं."

"माझ्या आत्याला सांगा हे. ती केस रंगवते."

ती हसली नाही. पण भिंग खाली ठेवलं, आणि हे ती फार क्वचित करायची.

तो घड्याळजी होता. नाणं आत्याचं होतं, आणि त्याला आईच्या जागी आत्याच होती. आजोबा गेल्यावर भावांनी घर, दुकान वाटून घेतलं आणि बहिणीच्या हातावर हे एक नाणं ठेवलं. पुढे त्यातलाच एक भाऊ हसत म्हणाला होता, "तेही खोटंच आहे, आम्ही आधी विचारून घेतलं होतं." गोष्ट जुनी झाली, भाऊही राहिले नाहीत. पण हल्ली आत्याने लकडा लावला होता: खरं की खोटं, एवढं एकदा मला कळू दे.

नाणी तपासणाऱ्या त्या कार्यालयात एक रीत होती. शंका असलेलं नाणं एका बैठकीत निकालात काढायचं नाही. एकदा दिव्याखाली, एकदा खिडकीपाशी आणि एकदा मधे काही दिवस जाऊ देऊन पाहायचं. तोवर पाकिटावर लिहायचं, 'निर्णय राखून'. तिच्या खणात अशी पाकिटं सगळ्यात जास्त असत. सगळे तिला 'राखीव' म्हणत, अगदी तोंडावर. आई म्हणायची, हिला टोमॅटो निवडायला पाठवलं तर बाजार उठतो.

या नाण्याचं वजन किंचित कमी भरत होतं, म्हणून तिने तेच लिहिलं.

घड्याळजी पुढच्या आठवड्यात आला. "काय म्हणतोय आमचा राजा?"

"अजून पाहायचंय."

"पाहा, पाहा. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला घाई नसते. गिऱ्हाइकाला असते."

तो त्याच्याही पुढच्या आठवड्यात आला. एकदा आला तेव्हा तिच्या टेबलावरचं बंद पडलेलं घड्याळ चालू करून गेला. एकदा समोरच्या टपरीवर दोघांनी चहा घेतला, आणि तिने नाणं पाण्यात तोलून चांदीची घनता कशी काढतात ते कागदाच्या रुमालावर आकृती काढून समजावलं. तो आकृतीकडे पाहत होता. मग... आकृतीकडे पाहत नव्हता.

"लक्ष आहे का?" तिने विचारलं.

"आहे. पाण्याचा मुद्दा समजला. आता माझा एक मुद्दा आहे." त्याने कप खाली ठेवला. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. लगेच उत्तर द्या असं नाही."

तिने रुमालाची घडी घातली. मग आणखी एक घातली.

"निर्णय राखून ठेवते," ती म्हणाली.

"चालेल," तो म्हणाला. "मात्र मला खणात घालू नका."

त्यानंतर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. यायचा, राजाची चौकशी करायचा, जायचा. अवघड होतं ते तिलाच. कारण पाण्यातलं वजन तिने केव्हाच घेतलं होतं. घनता बरोबर आली होती. अक्षरांच्या कडा धारदार होत्या, ओतीव नकलेवर दिसतात तशी बारीक छिद्रं कुठेच नव्हती. वजन कमी भरलं ते नुसत्या झिजेने. नाणं अस्सल होतं, आणि हे कळूनही पाकीट खणातच होतं. नाणं दिलं की तो कशाला येईल? आणि तो यायला हवा, तर मग उत्तर का देत नाही? नाण्याची चूक झाली तर फेरतपासणी होते... माणसाची? ती या प्रश्नापाशी यायची आणि दुसरं पाकीट उघडायची.

मग एके सकाळी आत्याच आली. ठेंगणी, काळेभोर केस, हातात मोठी पर्स. मागे घड्याळजी, चेहरा पडलेला.

"मी हिला येऊ नको म्हटलं होतं," तो तिला म्हणाला.

"तू ब्रशलाही नको म्हणायला हवं होतंस," आत्या म्हणाली आणि खुर्चीत बसली. "तूच का ती? बाळ, तुझा तो दर्जाबिर्जा मला नको. मला विकायचंय थोडंच. मला पोरगी म्हणून काहीतरी खरं दिलं होतं की नाही, एवढंच सांग."

"आत्या, त्यांना वेळ लागतो," घड्याळजी मधे पडला. "नीट पाहतात त्या. घाई करून मिळालेलं उत्तर तुला तरी पटेल का?"

तो तिची बाजू घेत होता. ज्या उशिराने त्याच्याच घरातली म्हातारी ताटकळली, त्या उशिराची तो बाजू घेत होता, आणि त्याला वाटत होतं की उशीर नाण्यामुळे आहे. तिचे कान तापले.

मोठ्या बाई आवाज ऐकून आपल्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी हे कार्यालय उभं केलं होतं आणि इथले नियम त्यांचेच होते. "काय गं राखीव, कुठलं नाणं अडलंय?"

तिने खण उघडला, पाकीट काढलं आणि बाईंपुढे सरकवलं. वर भिंगही ठेवलं.

"हे तुम्ही पाहा. मला यावर निकाल देता येणार नाही."

बाईंनी भुवया उंचावल्या, पण आधी नाणं पाहिलं. दिव्याखाली पाहिलं, खिडकीपाशी नेऊन पाहिलं, तिची वजनं वाचली. "यात अडण्यासारखं काय आहे? अस्सल आहे. कुणीतरी गाढवासारखं घासलंय, ते सोडलं तर छान नाणं आहे."

"गाढव इथेच आहे," घड्याळजी हळूच म्हणाला.

आत्याने हात पुढे केला, बाईंनी नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं, आणि तिने मूठ मिटली. मिटलेली मूठ तिने बराच वेळ मांडीवर तशीच धरून ठेवली. "खरं दिलं होतं," ती शेवटी म्हणाली. "बरं झालं."

बाई आता 'राखीव'कडे वळल्या. "आता कारण सांग. तू आजवर एकही नाणं माझ्याकडे ढकललेलं नाहीस."

"नियम आहे. तुमचाच."

"कुठला?"

"घरच्या माणसाचं नाणं आपण तपासायचं नाही."

"तो मला पाठ आहे. पण इथे तुझ्या घरचं कोण आहे?"

टेबलावरचं घड्याळ टिकटिकत होतं. दाराजवळ उभा असलेला माणूस डाव्या हाताने शर्टाचं बटण फिरवत होता, आणि आता तो थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं. दिव्याखाली, खिडकीपाशी, दिवस जाऊ देऊन, सगळं पाहून झालं होतं.

"हे," ती म्हणाली. "म्हणजे... अजून नाहीत. होणार आहेत. मी यांच्याशी लग्न करणार आहे."