देणगी क्रमांक एकेचाळीस

"अहो, काचेला हात लावू नका!"

"हात न्हाई लावला, मॅडम. नुसता श्वास लागला."

त्याने मागे वळूनही बघितलं नाही. वीज गेली होती. अंधारलेल्या दालनात तो एकटाच, मोबाइलची बॅटरी हातात धरून, काचेच्या पेटीसमोर वाकून उभा होता. काचेवर खरंच त्याच्या श्वासाचा एक गोल ढग उमटला होता... बघता बघता विरलाही.

"मग श्वास लांबून घ्या," मी म्हणाले.

आता तो वळला. कानावर पेन्सिलीसारखा टेस्टर खोचलेला, कपाळावर घाम आणि ओठांच्या एका कोपऱ्यात अडवून धरलेलं हसू.

"दिवे पेटीच्या आत बसवायचे हायत. लांबून श्वास घेतो, पण हात कसे लांबवू?"

मला हसू आलं. मी ते लपवलं. त्याला ते दिसलंच.

हा अमरसिंग. कळमनुरीजवळच्या एका तांड्यावरचा. आयटीआय करून विजेची कामं घेणारा. आणि मी पुनम, हिंगोलीतल्या आमच्या छोट्याशा कलासंग्रहालयात वस्तूंच्या नोंदी ठेवते. दहा दिवसांत सगळ्या पेट्यांमध्ये नवे, मंद दिवे लावायचे होते. जास्त उजेड पडला की कापडाचा रंग उडतो. तो दिवे लावणार आणि मी शेजारी उभी राहून उजेड मोजणार, असं ठरलं होतं.

ते दहा दिवस... मार्च सुरू झाला होता. बाजारात हळद यायला लागली होती आणि दुपारी वारा सुटला की खिडकीतून तिचा उग्र, मातकट वास थेट दालनात यायचा. अमरसिंग शिडीवर आणि मी खाली.

"आता?"

"जास्त आहे."

"आता?"

"अजून थोडा कमी."

"मॅडम, एवढ्या उजेडात तर माणसाला समोरचं माणूस बी दिसणार न्हाई."

"माणसाला नाही, वस्तूला बघायचं असतं इथे."

"व्हय का?" तो शिडीवरून सरळ माझ्याकडे बघत म्हणाला. "मग माझं चुकून राहिलं."

मी उजेड मोजायच्या यंत्रात डोकं घातलं. आकडा काय होता, देव जाणे.

एकदा चहा पिताना त्याने विचारलं, "इथं सात तलवारी हायत. मी मोजल्या. आन् टोपली एक बी न्हाई. पूर्वी हिंगोलीत समदेच तलवारी घेऊन फिरत व्हते का?"

"आम्ही काही विकत घेत नाही हो," मी समजावलं. "लोक देतात ते ठेवतो. एका देशमुखांनी तलवारी दिल्या, एका डॉक्टरांनी चित्रं दिली. देणगीतूनच संग्रह झालाय."

तो जरा वेळ कपाच्या कडेवर बोट फिरवत राहिला. "म्हणजे ज्यांच्या घरी जपून ठेवायला कपाट व्हतं, त्यांचंच इथं आलं. आमच्या बायांनी जे केलं ते अंगावर घातलं, झिजवलं... संपलं." मग पहिल्या दिवशीच्या त्या पेटीकडे मान वळवून म्हणाला, "एक तेवढा कसा राहिला, कोणाला ठावं."

पेटीत लमाणी घागरा होता. तांड्यावर त्याला फेटिया म्हणतात. गडद लाल कापड, त्यावर बारीक टाके, आरसे, कडेला कवड्या. खाली मीच टाइप केलेली पट्टी: देणगी क्रमांक एकेचाळीस. कारागीर अज्ञात. दाते श्री. व्यंकटराव.

"माझ्या दादीचा असाच व्हता म्हणते," अमरसिंग म्हणाला. "तिच्या आईनं अन् तिनं मिळून केलेला. शाळेच्या गॅदरिंगला नाचासाठी मागून नेला कोणीतरी मास्तरनं. परत आलाच न्हाई. ती अजून आठवण काढती." मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "हे व्यंकटराव कोण, मॅडम?"

मी कप खाली ठेवला. आणि मी म्हणाले,

"असतील कोणीतरी... सेनगावकडचे."

व्यंकटराव माझे आजोबा आहेत.

गावच्या शाळेचे हेडमास्तर. मी चौथीत असताना त्यांनी गॅदरिंगला लमाणी नाच बसवला आणि तांड्यावरच्या रुख्मिणीबाईंकडून माझ्यासाठी फेटिया मागून आणला. तो दोऱ्या आवळून मला नेसवला होता. मी गिरकी घेतली की शंभर आरसे चमकायचे. नाच संपला आणि मी तो सोडेना. रडले, जेवले नाही, फेटिया उशाशी घेऊन झोपले. आजोबा म्हणाले, राहू दे चार दिवस. त्या चार दिवसांची वर्षं झाली. सहा वर्षांपूर्वी संग्रहालय निघालं, तेव्हा आजोबांनी जमवलेले दिवे, पोथ्या, लाकडी खांब, सगळं देऊन टाकलं. त्यात तोही गेला. नोंद करताना दात्याच्या रकान्यात आजोबांचं नाव लिहिलं आणि कारागिराच्या रकान्याशी माझा हात थांबला. मला नाव माहीत होतं. तरी मी "अज्ञात" लिहिलं.

आणि आता त्याच रुख्मिणीबाईंचा नातू माझ्यासमोर बसून, मी केलेल्या चहाला छान म्हणत होता.

त्या दिवसापासून मला त्याच्याकडे धड बघता येईना. तो हसला की आत काहीतरी फुलायचं आणि तेवढ्यातच करपायचं. रोज ठरवायचे, आज सांगायचं. रोज तो काहीतरी आणायचा. कधी बोरं, कधी ओल्या हरभऱ्याची जुडी, आणि सांगणं राहून जायचं. नाही... राहून जायचं नाही. मीच राहू द्यायचे.

"रविवारी दादीला घेऊन येतो," एक दिवस तो म्हणाला. "तिला तेवढंच बरं वाटंल, आपलं काम काचेत बघून."

"रविवारी दालन बंद असणार आहे," मी पटकन खोटं बोलले.

"काहून? दिवे तर शनिवारीच होऊन जातील."

"म्हणजे... नक्की नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, काळजीने. तेच मला सोसलं नाही.

रविवारी तो आलाच. बाहेर अवकाळी आभाळ दाटलं होतं आणि पत्र्यावर पहिले जाड थेंब पडत होते. त्याच्या दंडाला धरून एक उंच, काटक म्हातारी आत आली. पांढऱ्या ओढणीवर पावसाचे ठिपके पडले होते. अमरसिंगने अभिमानाने पेटीतला दिवा लावला.

रुख्मिणीबाई पेटीवर वाकल्या. मग त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "हात लावू नका" म्हणायचं भान मला उरलं नव्हतं.

"हे फूल पिवळं हाय ना," त्या म्हणाल्या. "बाकी समदी पांढरी. इथं माझा दोरा संपला व्हता. आईनं मारलं मला." त्या हसल्या आणि हसता हसताच त्यांचा आवाज भरून आला. "अमर, हा आपलाच हाय रे."

"दादी, नीट बघ."

"आपलं काम मला कळत न्हाई व्हय? मास्तरनं नेला व्हता. त्याची नात लई रडली म्हणं... सोडीना. पोरीची जात, म्हणलं राहू दे चार दिवस. काय बरं नाव त्या लेकराचं... पुनम. हां, पुनमच."

अमरसिंगने वर बघितलं.

पावसाचा आवाज एकदम मोठा झाला.

"मीच ती," मी म्हणाले. "व्यंकटराव माझे आजोबा. फेटिया कोणाचा, ते मला आधीपासून माहीत होतं."

"आधीपासून," तो हळू म्हणाला. "तुमी तर म्हणला, असतील कोणीतरी."

"हो."

"आन् रविवारी बंद हाय म्हणला."

"हो."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त कानावरचा टेस्टर काढून खिशात ठेवला, दादीचा हात धरला आणि दोघं पावसात निघून गेले. मी काचेवरचा बोटाचा ठसा पुसायला फडकं उचललं... आणि ते हातात घेऊन तशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या प्रमुख मनकर्णाताईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग देणगीची फाइल माझ्यापुढे सरकवली.

"अट वाच. संग्रह एकत्रच राहील. एकही वस्तू काढली, तर दाता सगळं परत नेऊ शकतो. पुनम, तुझ्या आजोबांच्या वस्तू गेल्या तर आपल्याकडे तलवारी, चित्रं आणि रिकाम्या पेट्या उरतील."

"ती वस्तू त्यांची नव्हतीच, ताई."

"मला कळतंय. त्यांच्याकडून लिहून आण. मी नोंद बदलते."

आजोबा अंगणात खाटेवर पेपर वाचत होते. मी काहीही न सजवता बोलले. कोण आलं होतं, पिवळं फूल बघून त्या काय म्हणाल्या, आणि मी कसं खोटं बोलले. पेपर त्यांच्या हातात होता तसाच राहिला.

"तीनदा गेलो होतो मी," शेवटी ते म्हणाले. "पिशवीत घालून, त्या तांड्याच्या वाटेपर्यंत. दर वेळी वाटायचं, एवढ्या उशिरा काय तोंड दाखवायचं? आणि परत फिरायचो. मग आणखी उशीर व्हायचा." त्यांनी चेहरा पुसला. "देणगीत दिला, तेव्हा वाटलं सुटलो. आता तो सगळ्यांचा झाला, म्हणजे माझ्याकडे चोरीचा राहिला नाही... असं मनाला सांगितलं."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने सुधारणारा माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. मला त्यांचा राग आला होता, पण ती मान बघून तो धरवेना. कारण ती लाज अर्धी माझी होती.

त्यांनी पत्र लिहिलं. ही वस्तू माझी नव्हती, मला देण्याचा हक्क नव्हता, ती परत दिल्यावर बाकीचं मी मागणार नाही. सही करून म्हणाले, "तू देऊन ये."

"नाही, आजोबा. दोघं जाऊ."

पुढच्या शनिवारी मी पांढऱ्या मऊ कापडात गुंडाळलेला फेटिया मांडीवर घेऊन एसटीत बसले. शेजारी आजोबा, धुतलेल्या टोपीत. नोंदवहीत मी सकाळीच लिहून आले होते: क्रमांक एकेचाळीस, कारागीर रुख्मिणीबाई आणि त्यांची आई, मालकिणीला परत.

तांड्यावर बायका ओट्यावर आल्या. अमरसिंग दारातच होता. तो माझ्याकडे न बघता बाजूला झाला.

आजोबा उभे राहूनच बोलले. "रुख्मिणीबाई, सतरा वर्षं झाली. माझं चुकलं. माफ करा म्हणायलाही उशीर झालाय."

"लईच झाला, मास्तर," रुख्मिणीबाई म्हणाल्या. त्यांनी आजोबांना तसंच उभं ठेवलं. घडी उलगडली. एकेक आरसा अंगठ्याने चाचपला, एक कवडी सैल झाली होती ती बघितली. सगळं तपासून झाल्यावर म्हणाल्या, "नीट ठिवला मात्र... बसा. उन्हातून आलाव." मग मला जवळ बोलावून माझी हनुवटी वर केली. "लेकरू व्हतीस तू तवा. तवाचं माफ हाय. आत्ताचं अमरला इचार."

परतीच्या एसटीची वाट बघत आजोबा रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली बसले होते. मी थोडी पलीकडे उभी होते. मागून पावलं वाजली. अमरसिंगने पाण्याची बाटली पुढे केली.

"राग गेला न्हाई अजून," तो म्हणाला.

"एवढ्यात जाऊच नये."

"तुमी पट्टीवर नाव लिवलं न्हाई, त्याचा तर हायच. पण मला खोटं सांगितलं, त्याचा जास्त हाय. काहून सांगितलं?"

"लाज वाटली. आधी आजोबांची. मग माझी. आणि मग..." मी थांबले. "मग तुम्ही यायचं बंद कराल, याची भीती वाटली."

तो चपलेने माती उकरत राहिला. लांबून एसटीचा आवाज यायला लागला.

"आठ दिवस तिकडं आलो न्हाई," तो म्हणाला. "वाटलं, बराबर केलं. तरी तकलीफ व्हायची ती झालीच."

एसटी वळणावर दिसली. आजोबा उठून उभे राहिले, आणि उगाचच पाठ फिरवून, लिंबाचा शेंडा बघायला लागले.

माझ्या मनात आलं, आजवर त्याने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, आणि पकडली गेले तेव्हा खरं. न विचारता, आपणहून असं एकही खरं मी त्याला सांगितलं नव्हतं.

"अमरसिंग," मी म्हणाले. मान वर ठेवणं फार कठीण जात होतं, तरी ठेवली. "तुम्ही मला आवडता. पहिल्या आठवड्यापासून. उत्तर आज देऊ नका. राग गेला की द्या, नाही गेला तरी चालेल. पण हे खरं आहे."

एसटी थांबली, धुरळा उडाला, कंडक्टरने घाई केली. मी आजोबांना हात दिला आणि पायरीवर पाय ठेवून मागे बघितलं.

"सोमवारी येतो," तो कसाबसा म्हणाला.

"दिव्यांचं काम तर संपलं."

"व्हय... संपलं ना."

एवढं बोलून तो कानापर्यंत लाल झाला. त्याने मान खाली घातली, आणि बस सुटेपर्यंत त्याला काही ती वर करता आली नाही.