बाहेरून कडी लावलेला वर्ग

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट रात्रीची नाही.

कुत्री रडत नव्हती. लाइट गेले नव्हते. लख्ख दुपार होती, शाळेला सुट्टी होती आणि ज्या खोलीत हे घडलं ती जिन्यालगतची पहिल्या मजल्यावरची खोली आजही तिथेच आहे. आजही तिथे पोरं बसतात. कोणाला खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू दे. मला मतं मागायची नाहीत.

पण मी त्या खोलीत होतो. माझी सख्खी बहीण माझ्यासोबत होती.

आम्ही दोघं आत होतो... आणि दार बाहेरून लागलं होतं.

ताई माझ्यापेक्षा थोडी मोठी. सहावीला गणित शिकवते. मी गाड्या दुरुस्त करतो. घरातली अक्कल तिच्या वाट्याला आली आणि ग्रीस माझ्या, असं ती चारचौघांत सांगते. पण अक्कल असूनही ती वर्षानुवर्षं कंत्राटावर होती. दर उन्हाळ्यात जिवाला तोच घोर, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही.

त्या वर्षी फैसला होणार होता. एक तर कायम, नाहीतर घरी.

आणि फैसला पोरांच्या मार्कांवर.

ठीक आहे, जोखा मास्तरला पोरांच्या मार्कांवर. पण मग निदान कोणतं पोर कोणी शिकवलं ते तरी नीट बघा! त्यासाठीच पटपडताळणी होती. प्रत्येक शिक्षकाने कॉम्प्युटरवर आपल्या वर्गाचा पट उघडायचा आणि एकेका पोराच्या नावापुढे एकेक महिना तपासायचा. शिकवला असेल तर खूण ठेवायची, नसेल तर काढायची. एकाचं श्रेय दुसऱ्याला जाऊ नये, एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी येऊ नये, म्हणून. कागदावर झकास.

ताई वर्षाच्या मधले काही महिने शाळेत नव्हतीच. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. पाट्यासारखी सरळ झोपून होती, कूस बदलायची तर मला हाक मारायची.

मुख्याध्यापकांनी बदली शिक्षक नेमला नाही. पैसे वाचवले. कोणाचे आणि कुठे वाचले ते विचारू नका. गणिताचा तास आला की शिपाई सहावीचं दार बंद करायचा आणि बाहेरून कडी लावायचा. पोरांनी आरडाओरडा करून शेजारच्या वर्गाला त्रास देऊ नये म्हणून. जनावरं कोंडावीत तशी पोरं कोंडली होती त्या मुख्याध्यापकाने.

हे मला कळलं ते त्याच वर्गातल्या एका मुलीकडून. सायकलची चेन बसवायला गॅरेजवर आली होती. चुणचुणीत, दोन वेण्या, बोलायला लागली की थांबायची नाही.

मी सहज म्हटलं, "मजा होती म्हणजे तुमची. बाई नाहीत, गणित नाही."

"गणित होतं की काका. बाई यायच्या ना."

"कोण बाई? दार तर बाहेरून लावलेलं."

"हो. त्या आतच असायच्या."

माझ्या हातातली चेन तशीच राहिली.

"दिसायला कशा होत्या?"

तिने खांदे उडवले. "आम्ही वहीत बघायचो. वर बघायचं नाही."

"रागवायच्या?"

"छे. कध्धीच नाही. फक्त..." ती जरा थांबली. पहिल्यांदाच. "एकाचं जरी उत्तर चुकलं ना, तर बेल होऊ द्यायच्या नाहीत."

मी हसण्यावारी नेलं. पोरं काहीही बोलतात.

पण निकाल लागला तेव्हा ताईला घाम फुटला होता. तिने कधी शिकवलेच नव्हते ते धडे... अपूर्णांकांचे... ते सगळ्या वर्गाचे बरोबर आले होते. एकूण एक पोराचे. शाळेत पहिला नंबर सहावीच्या गणिताचा.

मुख्याध्यापक खूश. ताईला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "बाई, सगळे महिने तुमच्याच नावावर राहू द्या. कशाला खुणा काढत बसता? तुम्ही कायम व्हाल, शाळेचं नाव होईल. की घरी बसायची हौस आहे?"

ताई घरी येऊन रात्रभर छताकडे बघत होती. सकाळी म्हणाली, "छोट्या, मला सोड शाळेत. शेवटचा दिवस आहे. जे आहे तसंच ठेवते आणि मोकळी होते."

तिची पाठ, तिची नोकरी. मी दाढी केली, अंघोळ केली, गाडी काढली. सकाळी दाढी केली होती हे लक्षात ठेवा.

शाळेत शिपाई एकटा. खाली मैदान झाडत होता. तिची कागदपत्रं वर्गातल्या कपाटात होती, म्हणून आम्ही वर गेलो. तिने टेबलावर लॅपटॉप उघडला. मी पहिल्या बाकावर बसलो. गुडघे पोटात आले.

"कधी शाळेत बसला नाहीस, शेवटी बसलास!" ती हसली.

मग तिने यादीत खाली सरकत सगळी नावं पाहिली. सगळ्या महिन्यांवर खुणा होत्या. तिने एक मोठा श्वास घेतला आणि बटण दाबलं. 'मीच शिकवले.'

खट्.

आम्ही दोघांनी वळून पाहिलं.

दार मिटलं होतं. कडी बाहेरून पडली होती.

"अहो मामा! आम्ही आत आहोत!" मी ओरडलो. शिपायाला वाटलं असेल गेलो आम्ही. खिडकीपाशी गेलो. गज होते. खाली मैदानात तो दिसत होता. पाठमोरा. झाडू वर उचललेला...

झाडू खाली येत नव्हता.

मी पाहत राहिलो. धुळीचा एक लोट त्याच्या पायाशी उठलेला. तोही तिथेच. खांबाची सावली जिथे होती तिथेच.

"छोट्या," ताई मागून हळू म्हणाली. "हे परत आलंय."

पडद्यावर पुन्हा तोच पट. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा पट परत.

आणि मग तो आवाज आला.

फळ्यावर खडू.

टक्... सर्र... टक्...

फळा कोरा होता. एक रेघ नाही. पण फळ्याखालच्या पट्टीवर पांढरी भुकटी पडत होती. बारीक. सावकाश. पिठासारखी.

मी भित्रा नाही. खिशात पाना-स्क्रू ड्रायव्हर असतोच. दाराच्या बिजागरीला भिडलो. पहिला स्क्रू फिरवला. फिरला. फिरतच राहिला. हाताची साल निघेपर्यंत फिरवला, पण तो केसभरही बाहेर आला नाही. दाराला लाथा घातल्या. शिव्या घातल्या. त्या इथे लिहिता येणार नाहीत.

आवाज खोलीच्या बाहेर जातच नव्हता. लाथेचासुद्धा.

किती वेळ गेला? विचारू नका. घड्याळ थांबलं होतं. ऊन हललं नाही. पण तहान लागली. बाटली संपली. भूक लागली, मग भूक मेली. ताई टेबलावर डोकं ठेवून झोपली, उठली, परत झोपली. मी बाकावर मान टाकली. जाग आली तेव्हाही दुपारच होती.

आणि खडू चालूच.

टक्... सर्र...

"ताई, ती मुलगी म्हणाली होती..." मी उठून बसलो. "उत्तर चुकलं की बेल होऊ देत नाहीत."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

"काढ त्या खुणा," मी म्हटलं.

"नोकरी जाईल रे."

"इथे मरशील त्याचं काय? काढ!"

ती रडत रडत एकेक नाव घेऊन ते महिने काढत गेली. आजारपणाचे सगळे. शेवटी पडद्यावर प्रश्न आला, या महिन्यांत कोणी शिकवले? तिने लिहिलं, 'कोणीही नाही.' बटण दाबलं.

खडू थांबला.

आम्ही श्वास रोखला...

पट परत आला.

आणि या वेळी खडूचा आवाज फळ्याजवळून आला नाही. ताईच्या टेबलापाशी आला. तिच्या अगदी उजव्या हाताशी. कोणीतरी चिडून नाही, समजावून सांगताना टेबलावर खडू आपटावा तसा.

टक्. टक्. टक्.

ताईने वर पाहिलं नाही. मान खाली घालून, लहान पोरीसारखी, तिने खोडलं आणि नवं लिहिलं. 'मी नव्हते. कोण होतं माहीत नाही. पण कोणीतरी शिकवलं.'

बेल वाजली.

खाली शिपायाचा झाडू जमिनीवर आला. दार सताड उघडं होतं.

आम्ही जिना कसा उतरलो आठवत नाही. शिपाई आमच्याकडे बघून म्हणाला, "काय हो बाई, इतक्यात झालं? आता तर वर गेलात."

मी घाम पुसायला तोंडावरून हात फिरवला. आणि हात तिथेच थांबला.

गालावर चांगली दोन दिवसांची दाढी होती.

पुढचं ऐका. मुख्याध्यापकांनी आदळआपट केली. वरून साहेब लोक आले, चौकशी झाली, कडीचं प्रकरण बाहेर आलं. त्या माणसाचं काय झालं? काही नाही. अशांचं कधी काही होत नाही. पण ताईने स्वतः शिकवलेल्या महिन्यांचंही काम चोख निघालं. खरं बोलली म्हणून नोकरी गेली नाही. उलट कायम झाली.

त्याच शाळेत. त्याच वर्गावर. त्याच खोलीत.

आता दाराला बाहेरून कडीच नाही, मी स्वतः जाऊन उखडली. तरी दार लागतं. रोज नाही. एखादं पोर गणितात अडलं की.

मी हजारदा सांगितलं, सोड ती नोकरी. गॅरेज आहे, दोन घास कमी खाऊ. ती म्हणते, "मी सोडली तर पोरं एकटी राहतील तिथे. मी असले की निदान अडलेल्याला हळूच सांगता येतं."

"मग शिकवतं कोण?"

यावर ती वह्यांचा गठ्ठा पुढे ओढते.

शाळा वेळेवर सुटते. एक मिनिट इकडे तिकडे नाही. गेटवर आया उभ्या असतात, तक्रार कोणाचीच नाही. एक जण मला कौतुकाने सांगत होती, "या वर्गातली मुलं किती भराभर वाढतात हो! शर्ट घेतला की महिन्यात मनगटं बाहेर. केस तर सारखे कापावे लागतात."

मी म्हटलं, "तुम्हाला काही वाटत नाही त्याचं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "दादा, मार्क बघितलेत का यांचे?"

परवा ताईला घेऊन येताना पेट्रोल पंपावर थांबलो. त्या दिवशी एक मुलगा फारच अडला होता म्हणे. किती वेळ, ते तिने सांगितलं नाही. माझ्या खांद्याला धरून बसली होती, हात हलका लागत होता.

पंपावरचा माणूस नळी घेऊन आला आणि अदबीने म्हणाला,

"दादा, आईंना जरा हात देऊन उतरवा."

ताईने हात पुढे केला.