वुलमारची विसावी मूठ

संत मार्टिनच्या सणानंतरचा तिसरा दिवस. सकाळची वेळ, मठातली तिसऱ्या घंटेची प्रार्थना नुकतीच आटोपलेली. दलदलीच्या टोकाला वुलमार नावाच्या एकांतवासी साधूची कोठडी आहे, तिच्यासमोर आम्ही चौघे उभे होतो. दाट धुकं होतं आणि कुजलेल्या लव्हाळ्यांचा वास घशात बसत होता.

मी बिशपसाहेबांचा लेखनिक. तीस वर्षं लोकांच्या साक्षी लिहून घेतो आहे. मला वुलमारच्या आयुष्याची हकिकत लिहायला धाडलं होतं. मठाधिपती फादर रेनाल्ड यांनी ती आधीच तयार ठेवली होती.

"लिहा, लहानपणापासून मासे आपखुशीने त्याच्याकडे येत."

"दुसऱ्यांच्या सापळ्यांतले," एल्विवा म्हणाली.

ही वुलमारची बायको. गावभरचे वाम माशांचे सापळे तिच्या नवऱ्याने रिकामे केले होते. चौकशीच्या आदल्या रात्री त्याला देवदूत दिसला आणि सकाळी तो मठाच्या दारात रडत उभा. लग्नाला तेव्हा अकरा दिवस झाले होते. इतका वक्तशीर देवदूत मी दुसरा ऐकलेला नाही.

मग रिवाजाप्रमाणे त्याला कोठडीत घालून, जिवंतपणी त्याच्यावर मर्तिकाची प्रार्थना म्हटली, डोक्यावर माती टाकली आणि दार चिणलं. चिणणारा गवंडी थुर्स्टन. पुढे त्यानेच एल्विवाला मागणी घातली, तेव्हा फादर म्हणाले, नवरा हयात आहे. पुरताना मुडदा, लग्नाच्या बाबतीत जिवंत! बत्तीस वर्षं ती रोज कोठडीच्या झडप लावलेल्या खिडकीत जवाचा पाव आणि रस्सा ठेवत आली. वाडगा रिकामा परत येई. वुलमारचं मौनव्रत होतं. ऐकू यायचा तो फक्त संध्याकाळी माती खरवडल्याचा आवाज. आपली कबर आपल्याच हाताने रोज एक मूठ खणायची, हा या साधूंचा नेम.

आता भक्तांची गर्दी वाढली होती, म्हणून फादरना तो मठाच्या आवारात हलवायचा होता. सकाळचा वाडगा एल्विवाने मघाशीच खिडकीत सरकवला होता.

"फोड रे," फादर म्हणाले.

थुर्स्टनने दगड काढले. आतून वास आला नाही. कुठलाच नाही. बत्तीस वर्षं माणूस राहिलेल्या जागेला कसलाही वास नसावा...

मी कंदील आत धरला. कोपऱ्यात हाडं बसली होती. स्वच्छ, पिवळी. अंगावर एल्विवाने लग्नात विणलेला सदरा. त्याच्या बाहीचं कोपरही झिजलेलं नव्हतं.

"काल वाडगा रिकामा आला होता," एल्विवा पुटपुटली. "काल संध्याकाळी... खरवडतही होता."

थुर्स्टन जमिनीकडे बघत होता. "फादर, कबर कुठाय?"

कोरड्या जमिनीत एक खळगा होता. त्यात कोंबडंसुद्धा मावलं नसतं. शेजारी मातीचा छोटा ढीग. थुर्स्टन गुडघ्यांवर बसला आणि मूठ-मूठ माती परत टाकत मोजू लागला. एकोणिसाव्या मुठीला खळगा भरला.

"एकोणीस दिवस," तो म्हणाला. "एवढंच जमलं ह्याला."

"माती विनयाने आपल्या जागी परत गेली," फादर घाईने म्हणाले. "तसं लिहा."

"मी काय लिहायचं ते मी ठरवीन," मी म्हणालो.

"मला एवढंच सांगा," एल्विवा म्हणाली. "मी विधवा कधीपासून?"

"आज सकाळपासून, बाई," फादर म्हणाले.

ती हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. "बत्तीस वर्षं, थुर्स्टन. ऐकलंस का? आणि माझा पाव कोण गिळत होतं रे?"

थुर्स्टनने टोपी काढली होती आणि ती पिळत होता.

मी लिहिलं: वुलमार कोंडल्याच्या एकोणिसाव्या दिवशी मेला, त्या दिवसापासून एल्विवा विधवा. फादरनी शिक्का द्यायला नकार दिला. मग मीच माझा शिक्का मारला. या चोराचं पुढचं आयुष्य लिहायची गरज उरली नव्हती. त्याला ते नव्हतंच.

दुपारपर्यंत थुर्स्टनने फादरच्या हुकमावरून दार पुन्हा चिणलं. आतमध्ये हाडांखेरीज कोणी नव्हतं, हे आम्ही चौघांनी पाहिलं होतं. वाडगा आतच राहिला होता, भरलेला. तो मी डोळ्यांनी पाहिला होता.

थुर्स्टन थापी पुसत होता, तेव्हा खिडकीच्या लाकडावर काहीतरी घासलं.

वाडगा बाहेरच्या कडेवर आला होता. पाव नव्हता, रस्सा चाटूनपुसून घेतलेला. तळाशी मूठभर माती होती, काळी, ओली. तिच्यावर बोटांचे ठसे होते.

माझ्या कागदावर आम्हा चौघांची नावं आहेत. विसावी मूठ कुणाची, तिथली जागा अजून कोरी आहे.