दुर्गाचा गुलाब

दादरा गावातल्या नर्सरीत मी पिशवीतून गुलाबाची फांदी काढली आणि मालकांना, ललितभाईंना विचारलं, दोन वर्षं झाली, फूल का येत नाही? ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत होते. शेजारी शेणखत घेणाऱ्या बाईंनीच फांदी हातात घेतली.

"ही कुठून फुटलीय?"

"झाडातून," मी म्हणालो.

त्या हसल्या. मग मलाही हसू आलं... बऱ्याच दिवसांनी.

त्या मंजुषा मॅडम. मूळच्या चिपळूणच्या, जवळच्या आमली गावात शाळेवर शिकवतात, एकट्या राहतात. रविवारी झाड बघायला घरी आल्या.

झाड माझ्या बायकोनं, दुर्गानं लावलेलं. फुलं लाल, गच्च पाकळ्यांची. फाटक उघडलं की वास यायचा. ती गेली, तेव्हापासून मी झाडाला कात्री लावली नाही. पाणी मात्र रोज घातलं. झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं. मला वाटायचं, चांगलं चाललंय.

मॅडमनी बुडाची माती बोटानं उकरून कलमाची गाठ दाखवली. उंच वाढलेलं सगळं गाठीच्या खालून आलेलं, ज्यावर कलम बांधतात त्या जंगली खुंटाचं. दुर्गाचा गुलाब म्हणजे बाजूची वीतभर काडी. शेंड्याला वाळलेली.

"हे सगळं काढलं तर ती जगेल कदाचित," म्हणत त्यांनी पर्समधून छाटणीची कात्री काढली.

"राहू द्या," मी म्हणालो. जरा जोरातच.

त्यांनी कात्री ओट्यावर ठेवली. झाड तुमचं आहे, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

आठ दिवस कात्री तिथंच होती. कारखान्यात माझं लक्ष लागेना. खताच्या निमित्तानं दोनदा नर्सरीत गेलो. घरात खत पडलेलं होतं. दुसऱ्यांदा ललितभाई म्हणाले, आज मॅडम नाही आल्या. मी कुठं विचारलं, मी म्हणालो. पण कान तापले. घरी आल्यावर दुर्गाच्या फोटोकडे बघवेना.

संध्याकाळी मी जंगली फूट बुडापासून कापली. दुर्गाची काडी जगावी म्हणून कापली, की मॅडमना सांगायला जाता यावं म्हणून — मला अजून सांगता येत नाही.

जानेवारीत पहिलं फूल आलं. मॅडम आल्या, वाकल्या, डोळे मिटून वास घेतला. बराच वेळ तशाच राहिल्या.

"पहिलं फूल दुर्गा केसात घालायची," मी म्हणालो. "आता कोणाला द्यायचं कळत नाही. आहे तिचं... आणि द्यावंसं वाटतंय तुम्हाला. मला काहीच नीट कळत नाहीये, मॅडम."

त्या ओट्यावर बसल्या. माझ्याकडे बघितलं, मग झाडाकडे.

"हे राहू दे तिचं," त्या म्हणाल्या. "खाली दोन कळ्या आहेत. त्या उमलेपर्यंत मी येत जाईन."