आधी पांढरं दाखव

ही गोष्ट खरी आहे. ज्याला शंका आहे त्याने मोखाड्याच्या पुढे, डांबर संपतं तिथे उतरावं आणि दीड तास चालावं. गाडी जात नाही. मतं मागायला येणारेही ओढ्याच्या अलीकडूनच परत जातात. पाड्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना अजून तिथेच राहायचंय.

मागच्या वर्षीचा एप्रिल. शनिवार. दुपारचे चार.

उमेश जव्हारचा. लग्नांचं शूटिंग करायचा. त्या दिवशी त्याच्या मेव्हणीची, चंदनाची हळद होती. बायको रविनाला आठवा महिना. तरी ती पोट धरून दीड तास चालत माहेरी आली होती. बहिणीची हळद कोण सोडतं?

उमेश हे काम भिवंडीत शिकला, एका स्टुडिओत लाइट उचलता उचलता. तिथला सेठ शिव्या द्यायचा, पण एक गोष्ट त्याने डोक्यात पक्की बसवली. "पहले सफेद दिखा, फिर दुल्हन दिखा."

उजेडाला रंग असतो. उन्हाचा वेगळा, सावलीचा निळसर, बल्बचा पिवळा. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही. कॅमेऱ्याला जाणवतं. म्हणून ज्या उजेडात शूटिंग करायचं, त्याच उजेडात त्याला आधी काहीतरी पांढरं दाखवायचं. बटण दाबायचं. हे पांढरं, समज. मग बाकीचे रंग आपापल्या जागी येतात.

उमेशचा पांढरा कागद त्या दिवशी जव्हारला राहिला होता.

"कोणी पांढरं कापड देता काय?" मांडवात उभं राहून तो ओरडला.

"हळदीत पांढरं शोधतो!" चुलत मेव्हणी हिरी खिदळली. "ये, तुलाच पिवळा करते!" आणि तिने त्याच्या कानामागे हळद थापली.

सगळे हसले.

तेवढ्यात घरामागून एक बाई आली. हातात घडी केलेली पांढरी चादर. एक कोपरा ओला.

उमेशचं लक्ष कॅमेऱ्याच्या बटणांत. "ताई, जरा उघडून वर धरा. तोंडासमोर."

तिने धरली. चादरीमागे ती सगळी झाकली गेली. वरच्या कडेला नुसती बोटं दिसत होती.

त्या अंगणात सगळ्यांचे हात पिवळे होते. पोरांचे, म्हाताऱ्यांचे, स्वयंपाक करणाऱ्यांचेसुद्धा.

ती बोटं स्वच्छ होती...

उमेशला हे नंतर आठवलं. तेव्हा त्याने फक्त बटण दाबलं. कॅमेऱ्यातली खूण लुकलुकली आणि स्थिर झाली.

"झालं ताई."

त्याने मान वर केली. समोर कोणी नव्हतं.

असेल, गेली असेल कामाला.

शूटिंग सुरू झालं. रंग असे आले की उमेश खूश. हळद पिवळी, मांडवाचे टहाळे हिरवे, चंदनाचं लुगडं लालबुंद. मग कॅमेरा पायरीवर बसलेल्या रविनाकडे वळला.

ती निळी होती.

निळी म्हणजे राखाडी-निळी. ओठ काळे. नखं काळी.

त्याने कॅमेऱ्यावरून डोळा काढून बघितलं. रविना आपली सावळी, धडधाकट, मीठ लावून कैरी खात बसलेली.

पुन्हा कॅमेऱ्यातून...

निळी. आणि तिला टेकून बसलेली हिरी मात्र जशीच्या तशी.

सावलीमुळे असेल म्हणून त्याने तिला उन्हात उभं केलं. निळी. घरात नेऊन ट्यूबखाली बसवलं. निळी. चुलीपाशी पिवळा बल्ब होता, तिथे नेलं. भिंतसुद्धा नारिंगी झाली. रविना तेवढी निळीच.

"मी काय पापड हाय?" ती म्हणाली. "किती जागी वाळवतोस?"

त्याने सूप भरून तांदळाचं पीठ आणलं. "हे धर. हलू नको."

ते पीठ दाखवून पुन्हा बटण दाबलं. पीठ पांढरंशुभ्र आलं. सुपाचा काठ बांबूच्या रंगाचा आला. आणि सूप धरणारी दहा बोटं...

उमेशने बाहीने डोळे पुसले. आता रविनाचं हसू गेलं.

"काय दिसतंय तुला?"

"काय नाय. कॅमेरा बिघडलाय."

"मग रडतोस कशाला?"

तो सासूकडे पळाला. काशीबाई भाताच्या टोपापाशी बसल्या होत्या.

"मघाची बाई कुठंय? पांढरी चादर घेऊन आलेली?"

"कोण बाई?"

"घरामागून आली ना! तुमच्याच घरातली चादर. कोपरा ओला होता."

काशीबाईंच्या हातातला झारा टोपात पडला.

"आमच्यात पांढरी चादर नाय, जावई. तीन पावसाळं झालं." त्यांनी घरामागच्या बाजूला बघितलं. "फागीची झोळी केली होती त्या चादरीची. वढ्याच्या पाण्यातना नेली. पल्याड पोचेस्तोवर पोरगी गेली. मातीपण तिच्यातच दिली. तवापासना मी घरात पांढरं ठेवतच नाय."

फागी म्हणजे काशीबाईंची सून, रविनाचा भाऊ जिव्या याची बायको. तिलाही आठवाच महिना होता. कागदावर लिहिलं, 'वाटेत मृत्यू'. वाट कुठे होती ते कोणी लिहिलं नाही.

उमेश मांडवात आला. "रविनाला आत्ता दवाखान्यात न्यायचं. आत्ता."

"कळा येताहेत?"

"नाय."

"मग?"

मग काय सांगणार? कॅमेऱ्यात निळी दिसते म्हणून?

"शहरात राहून येडा झाला," कोणीतरी म्हणालं. "हळदीतनं उठवतो बाईला!" रविनाही चिडली. उमेश तिच्या पायाशी बसला. सगळ्यांसमोर हात जोडले. "एक डाव ऐक माझं. नंतर जल्मभर शिव्या दे."

जिव्या कोपऱ्यात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो गेला आणि प्लास्टिकची खुर्ची आणि दोन बांबू घेऊन आला.

"चादर नको," एवढंच म्हणाला.

खुर्ची बांबूंना बांधली. चौघं निघाले. उमेश मागून कॅमेरा डोळ्याला लावूनच पळत होता. निळी. अजून निळी. चढावर जिव्या ओरडला, "ते डबडं ठेव आधी! खांदा दे!"

त्याने कॅमेरा पाठीला टाकला आणि खांदा दिला.

ऊन उतरायला लागलं होतं. ओढ्यापाशी रविनाने त्याचं मनगट धरलं.

"उमेश... काहीतरी गळतंय."

खुर्चीखाली दगडावर रक्त टपकत होतं. कळ नाही, काही नाही. नुसतं रक्त.

ओढा, चढण, डांबर. जीप मिळाली. दवाखाना कुठला ते लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला थेट आत घेतलं. तासाभराने बाहेर आल्या. "मुलगी झाली. दोघी वाचल्या. अर्धा तास उशिरा आणलं असतं तर मी काहीच करू शकले नसते. एवढं लवकर कसं कळलं तुम्हाला?"



रात्रीचे दहा. रविना वॉर्डात झोपलेली. त्याने कॅमेरा काढला. ट्यूबचा उजेड. उशीच्या अभ्र्यावर धरून बटण दाबलं. मग रविनावर धरला, श्वास रोखून...

सावळी. ओठ फिके, पण माणसाचे.

तो तसाच खाली फरशीवर बसला आणि हमसून रडला. बाळावर धरला. लालबुंद.

डोळे पुसून उठताना कॅमेरा जरा बाजूला वळला. शेजारच्या पलंगावर साखरशेतकडची एक पोरगी होती. नवऱ्याशी गप्पा मारत केळं खात होती.

ती निळी होती.

तो सिस्टरकडे धावला. "त्या बाईला बघा जरा."

"बघितलंय. उद्या घरी सोडणारेत. तुम्ही डॉक्टर हाय का?"

मग तिच्या नवऱ्याकडे गेला. "दादा, हिला मोठ्या दवाखान्यात ने. आजच."

"का? काय झालंय हिला?"

उमेश कॅमेरा घेऊन रविनाच्या पलंगापाशी परतला.

सकाळी त्या पलंगावर दुसरी बाई होती. आधीची घरी गेली की दुसरीकडे नेली की... सिस्टरची ड्यूटी बदलली होती. कोणालाच काही माहीत नव्हतं.

उमेश आता एस.टी. डेपोजवळ झेरॉक्स काढतो. लेकीचा एक फोटो त्याने काढलेला नाही. कॅमेरा गोणीत बांधून माळ्यावर आहे. गिऱ्हाइकं येतात, चांगला भाव देतात. तो विकत नाही.

म्हणतो, नवा कॅमेरा हातात आला की माणूस तो पहिल्यांदा घरच्यांवरच धरतो.