पेडलवरचा ठोकळा

लाँड्रीची शेड सताड उघडी होती आणि आत उंदरालाही जप्त करण्यासारखं काही नव्हतं. कोर्टाच्या बेलिफने हातातला जप्तीचा हुकूम घडी करून खिशात ठेवला. शेजारी बाई उभ्या होत्या. याच लाँड्रीच्या मोठ्या प्रेस मशीनमध्ये त्यांचा उजवा पंजा चिरडला होता. भरपाईचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तोवर कंपनीच विसर्जित झाली. पैसे नाहीत तर हाताचं ऑपरेशन नाही.

"कंपनी मेली, साहेब. मढ्याच्या खिशात काय शोधता?" जुना मालक म्हणाला.

"मशीन कुठंय?"

"कंपनी गुंडाळताना भंगारात गेली."

"कुणी विकली?"

"आमच्या वकिलांनीच सगळं पाहिलं."

हा वकील म्हणजे बेलिफचा साडू. बेलिफच्या पोटात दुखलं. सासूबाई एका जावयाचं कौतुक करताना थकत नसत आणि तो जावई बेलिफ नव्हता. मागच्याच महिन्यात साडूने मेहुणीच्या नावाने लाँड्री काढली. उद्घाटनाला बेलिफ नुसता जळत उभा होता. तिथला उंच कामगार गुडघा पोटाशी घेऊन प्रेस मशीनचं पेडल दाबत होता, तेवढी खोट पाहून त्याला जरा बरं वाटलं होतं.

बेलिफ शेडमध्ये जमिनीशी वाकला. मशीनचे बोल्ट फरशीत शाबूत होते. नट मात्र नव्हते.

समोरच भंगारवाल्याचं दुकान होतं. "आम्ही नट खोलत बसतो होय? गॅसकटर लावतो," तो म्हणाला. "ती मशीन क्रेनने अलगद नेली."

"कुणी नेली?"

"ते नाही पाहिलं."

साडूचं नाव जिभेवर आलं होतं, म्हणूनच बेलिफ थांबला. जळणाऱ्याला दोरीसुद्धा साप दिसते.

"बाई, मशीनची काही खूण?"

"मी ही अशी बुटकी. पाय पुरेना, म्हणून पेडलवर लोखंडी ठोकळा वेल्ड करून घेतला होता."

बेलिफने त्यांना तडक साडूच्या लाँड्रीत नेलं. नव्या निळ्या रंगाच्या मशीनपाशी बाई वाकल्या आणि म्हणाल्या, "हीच."

"काहीतरीच. नवी आहे," साडू म्हणाला.

"नव्या मशीनवर या उंच माणसाचा गुडघा पोटाशी का येतो?" बेलिफ म्हणाला. "ठोकळा बाईंच्या पायासाठी आहे. तुम्ही रंग दिलात, पण ठोकळा काढायचा राहिला. भंगारात टाकायच्या मशीनचे नट कुणी जपून खोलत नाही. निकाल विरुद्ध जाणार हे वकील म्हणून तुम्हाला आधी कळलं. मशीन बायकोच्या नावावर फुकटात आणलीत आणि मग कंपनी विसर्जित केलीत. पण कंपनी मेली तरी तिचं सामान ज्याच्या घरात गेलं, त्याच्याकडून वसुली होते."

"तू जळतोस माझ्यावर. पहिल्यापासून."

"जळतो. म्हणून तर ओळखायला बाईंना आणलं. माझा अहवाल आत्ताच जाईल. जप्तीला दुसरा बेलिफ येईल, नात्यात मी हात घालणार नाही."

साडूची मान खाली गेली. बेलिफची कित्येक वर्षांची हौस फिटली. पण कोपऱ्यात मेहुणी रडत होती आणि बेलिफला तिच्याकडे बघवेना.

बाई मात्र कामगाराचे हात बघत होत्या.

"हात आत जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी याला अजून बसवली नाही?" त्यांनी साडूला विचारलं.

बाईंनी डाव्या हाताने मेन स्विच बंद केला आणि कामगाराला म्हणाल्या, "हो बाजूला, दादा."